मोजणीवाल्या काकांना, जरा उशिरानं

काका, नमस्कार.

परवा सांगलीत आमचं अभिवाचन झालं. संपल्यावर तुम्हाला शोधलं, तर शेवटच्या एसटीसाठी तुम्ही कधीच निघून गेला होतात. म्हणून आता सगळ्यांदेखतच लिहितो.

ब्रायन फ्रील या आयरिश नाटककाराचं 'ट्रान्सलेशन्स' आम्ही हौसेनं मराठीत केलं. १८३३ सालचं आयर्लंड, डोनेगलमधलं एक खेडं. इंग्रज लष्कराचे मोजणीदार येतात, मैलाला सहा इंच या मापाचा नकाशा काढतात आणि आयरिश गावनावं वहीत इंग्रजी करून लिहितात. 'बाल्ये बेग'चं 'बॅलीबेग'. नाटकाचा पहिला प्रयोग १९८० साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत झाला. तेही पुन्हा असं शहर, ज्याला डेरी म्हणायचं की लंडनडेरी यावरून आजही माणूस आयर्लंडच्या बाजूचा की ब्रिटनच्या ते ओळखतात.

माझ्याकडे ओवेन होता. गावचाच मुलगा, साहेबाचा पगारी दुभाषा. मी त्याला पहिल्या वाक्यापासून फितूर करून टाकला होता, आवाजसुद्धा खलनायकी. तालमीला तुम्ही पुतणीला सोडायला आलात आणि चहा पिता पिता म्हणालात, "एवढा दात-ओठ खाऊन कशाला वाचता? नावं लिहिणारा माणूस असा नसतो. मीच लिहिलीत की."

मग तुम्ही कोलटेकाची गोष्ट सांगितलीत. भूमी अभिलेखात नवीन असतानाची. लोक म्हणत कोलटेक, म्हणजे कोल्ह्यांचं टेकाड. तुम्हाला ते अशुद्ध वाटलं. छान अक्षरात 'कोळीटेक' लिहिलंत, साहेबानं सही केली. आता तिथली पोरं विचारतात, इथं कोळी कधी राहायचे? कुणी बंदूक रोखली नव्हती, म्हणालात. टेबल होतं, टाक होता आणि जेवायची वेळ झाली होती.

त्या दिवसापासून ओवेन सुटला. इंग्रज त्याला चुकून 'रोलंड' म्हणतात आणि तो बराच काळ दुरुस्तच करत नाही, ते मी आता हसत वाचतो. कप्तानाचं कोरडं लष्करी भाषण गावकऱ्यांपुढे तो गुळगुळीत करून मांडतो, तेही अगदी सहज, घरातल्या घरात भांडण मिटवल्यासारखं. माझ्या जुन्या खलनायकापेक्षा हे जास्त अंगावर येतं.

आणि 'टोबर व्री' हे जागेचं नाव. म्हणजे कुणा ब्रायनची विहीर. विहीर कधीच आटलेली, ब्रायन कोण ते गावात कुणाला आठवत नाही. ओवेन विचारतो, मग हे नाव ठेवायचं कशाला? ते ठेवाच म्हणून हट्ट धरतो तो इंग्रज लेफ्टनंट! त्या जागी मी वर बघितलं. तिसऱ्या रांगेत तुम्ही चष्मा पुसत होतात.

पेन्सिलीच्या खुणा केलेली तुमची संहिता माझ्याकडेच राहिलीय. रविवारी आणून देतो. कोलटेकावरूनच येईन म्हणतो, पण फोनच्या नकाशावर ते सापडत नाही. फाट्यावर कुणाला तरी विचारतो.

तुमचा,
ओवेन