बोटीच्या सहलीचा हिशेब

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ्या,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला क्रूझच्या सहलीच्या भाड्याचा एजंटाचा कागद नीट वाचला. वरचा लाल अक्षरातला आकडा विसरून जा. खाली बारीक अक्षरात 'टॅक्स, पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी वेगळे' असं छापलंय, सगळी मेख तिथे आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे बोटीवरच्या नोकरांची बक्षिसी. शिवाय तो आकडा माणशी आहे, आणि तोही एका खोलीत दोघं राहणार असं धरून. ताईंना एकटीची खोली घ्यायची म्हणालास, तर त्यांना जवळजवळ दोघांचं भाडं पडेल. बोटवाले खोली विकतात, तीत एकच माणूस झोपलं तर त्यांचं नुकसान. तेव्हा ताईंना जोडीला कोणी मैत्रीण मिळते का बघ. तिसरा माणूस तुमच्याच खोलीत स्वस्तात बसतो हे खरं, पण तिसरी गादी बहुतेक वेळा भिंतीतनं खाली येणारी, शिडीने चढायची असते. ताईंच्या गुडघ्यांना ती शिडी सांगू नको.

मागच्या हिवाळ्यात आम्ही जाऊन आलो, तेव्हापासून गल्लीतले चार लोक मला विचारायला येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'स्वस्त कुठली?' असाच असतो. माझं म्हणणं एवढंच की बोट स्वस्त किंवा महाग नसते, तारीख असते. तीच बोट, तीच खोली, तेच जेवण. दिवाळीत, नाताळात, एकतीस डिसेंबरला आणि मे महिन्यात भाडं आभाळाला भिडतं, कारण तेव्हा पोरांना सुट्टी असते. शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या फेऱ्याही महाग. आपल्याला ना शाळा, ना रजेचा अर्ज. पेन्शन थोडी असेल, पण मंगळवार मोकळा आहे, आणि बोटवाल्याकडे मंगळवारचीच खोली रिकामी असते.

त्यात आपला वक्त दोन वेळा येतो. एक, तुळशीची लग्नं उरकल्यापासून नाताळची सुट्टी लागेपर्यंत. दुसरा, संक्रांत झाल्यावर होळीपर्यंत. या दिवसांत अरबी समुद्रही शहाण्यासारखा वागतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर हे सगळं बंदच असतं. २०२३ च्या जूनमध्ये कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची बोट मुंबई सोडून चेन्नईहून श्रीलंकेला जायला लागली ती त्यामुळेच. तुळशीच्या लग्नानंतर नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका येणारच, हे मला माहीत आहे. आहेर पाठवून दे.

आता कुठली बोट. तुझ्या कागदावर मुंबई-गोवा-मुंबई आहे. अरे, खानापूरच्या माणसाने गोवा बघायला बोटीचे पैसे भरायचे? आपल्या भाजीचे आणि दुधाचे टेम्पो रोज चोर्ला घाटातनं गोव्यात उतरतात, आणि आपण मुंबईला जाऊन, बोटीत बसून, गोव्याच्या मुरगाव बंदराला एक दिवस उतरून, कोणाच्या तरी बसमधनं पणजी बघून, पुन्हा मुंबईला जायचं! मग तिथनं रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करत बेळगाव.

मी तुला दुसरी युक्ती सांगतो. मुंबई ते गोवा अशी एकाच बाजूची फेरीही विकतात, दोन रात्रींची. ती घे. मुरगावला उतरलास की मागे परतायचंच नाही. गाडी करून अनमोडने किंवा चोर्ल्याने तीन-चार तासांत घर. वास्कोहून लोंढ्याची गाडी मिळाली तर दूधसागरही बघून होईल, वहिनींना आवडेल. मुंबईच्या माणसाला या फेरीला परतीचं विमान किंवा रेल्वे धरावी लागते, आपल्याला गोवा म्हणजे दारातलं बंदर. कुठल्याही एजंटाने मला हे सांगितलं नाही, कारण त्याला दोन्ही बाजूंचं कमिशन हवं.

जायच्या बाजूला मात्र काटकसर करू नको. दादरला सकाळी उतरून दुपारी बोट गाठणं हे पंचविशीतल्या पोरांचं काम. एक गाडी लेट झाली की बोट निघून जाते, आणि बोट कोणासाठी थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. आदल्या दिवशी पोच, कोणा नातेवाइकाकडे झोप, सकाळी आंघोळ करून आरामात टॅक्सीने बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला जा. देशातल्या देशात जायचं असेल तर पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड चालतं.

खोलीबद्दल नीट ऐक, कारण इथे लोक उलटा खर्च करतात. बाल्कनीवर पैसे घालतात आणि खोली कुठे मिळाली ते बघत नाहीत. बोट डुलते ती पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त, आणि वरच्या मजल्यावर जास्त. मधोमध, खालच्या मजल्यावर, लिफ्टच्या जवळ, अशी खोली मागायची. खिडकी नसलेली आतली खोली सगळ्यात स्वस्त, आणि खोलीत आपण फक्त झोपतो. समुद्र बघायला डेक फुकट आहे. आमची ही आधी 'कोंदटल्यासारखं होईल' म्हणून कुरकुरत होती, नंतर दुपारी पडदा न ओढता काळोख मिळतो म्हणून खूश. 'खोलीचा नंबर आम्ही नंतर देऊ' अशी जरा स्वस्तातली योजना असते, ती आपल्यासाठी नाही. थोडे पैसे वाचतात आणि नाचगाण्याच्या हॉलखाली खोली मिळते. कॉर्डेलियाची एम्प्रेस १९९० सालची बोट आहे, पूर्वी परदेशी कंपनीची होती. खोल्या लहान, आणि मोरीच्या दाराला उंबरा. रात्री उठताना तो पायाला लागतो. मी त्याला पांढरा टॉवेल गुंडाळून ठेवत असे, अंधारात दिसायला.

लक्षद्वीपचा विचार तुझ्या मनात आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. तिथल्या अगत्ती बेटाला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. भोवती प्रवाळाची रांग आहे, पाणी उथळ. बोट लांब समुद्रात उभी राहते आणि छोट्या होडीत उतरायचं असतं. मोठ्या बोटीच्या बाजूचं दार उघडतात, खाली होडी, आणि ती लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन खलाशी दोन्ही कोपरांना धरतात, होडी वर आली की 'आता' म्हणतात, आणि त्या क्षणी पाय टाकायचा. आमच्या पुढे नऊवारीतल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी 'आता' ऐकल्यावर डोळे मिटले आणि खलाशी 'मावशी, डोळे उघडा' म्हणून ओरडला! उतरल्या बिचाऱ्या, पण परत चढताना तेच. समुद्र चिडला असेल तर उतरणंच रद्द होतं, मग भाडं भरून बेट लांबनं बघायचं. तुझं ठीक आहे, पण ताईंनी त्या दिवशी बोटीवरच बसावं. रिकामी बोट, रिकाम्या खुर्च्या, मजेत जाईल.

सिंगापूरची बोट चकचकीत, हे मान्य. पण तिथे हिशेब वेगळा मांडायचा. विमान बेळगावहून थेट नाही, म्हणजे बेंगळूर किंवा मुंबई गाठायची. चढणं आणि उतरणं दोन्ही सिंगापुरात, तेव्हा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना ते बघायचं. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर ग्रॅच्युइटी म्हणून माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर खात्यावर चढतात. तुम्हा दोघांचे चार रात्रींचे १२० ते १६० डॉलर झाले की. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतलेला आगाऊ कर, कापतात, तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. तुझं पेन्शन कराच्या खाली असलं तरी रिटर्न भर. विम्याचा हप्ता साठीनंतर चढतो आणि सत्तरीनंतर फारच; बीपी-शुगर लपवून स्वस्त विमा काढू नको, बोटीवरच्या डॉक्टरची फी डॉलरमध्ये असते आणि आजारी माणसाला बोटीवरनं किनाऱ्यावर न्यायचा खर्च ऐकूनच चक्कर येईल. ऐन वेळी रिकाम्या खोल्या स्वस्त होतात हे खरं, पण ऐन वेळचं विमान तितकंच महाग होतं. म्हणून ऐन वेळची मजा मुंबईच्या बोटीची, सिंगापूरची नाही.

बाकी बारकं बारकं. बोट सुटली की मोबाईल विमानातल्यासारखा बंद मोडवर टाक, नाहीतर तो बोटीच्या सॅटेलाइटला चिकटतो आणि बिल घरी येतं. औषधं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते. बोट लागण्याची गोळी आपल्या डॉक्टरला विचारूनच, ती झोप आणते आणि झोपेत तोल जातो. दारूचं पॅकेज तुला नको, तू एका बिअरचा माणूस. जेवण भाड्यात असतं, शाकाहारी आणि जैनही मिळतं. फोटोवाले मागे लागतात, हसायचं आणि पुढे जायचं.

माझ्या थोरल्या काकांनी तरुणपणी मुंबई-पणजी बोटीने प्रवास केला होता, कोकणातली बंदरं घेत घेत जाणाऱ्या जुन्या बोटीने. डेकवर वळकटी पसरून, आंब्याच्या पेट्यांच्या शेजारी. आपल्या सहलीला ते नक्की म्हणाले असते, 'बोटीत बसायला एवढे पैसे?' त्यांना उत्तर नव्हतं, आजही नाही.

तर असं कर. एजंटाला दोनच गोष्टी लिहून मागायच्या: सगळं धरून दोघांचे एकूण किती, आणि खोली कुठल्या मजल्यावर, कितव्या नंबरची. तो फोनवर गोड बोलेल, कागदावर माग. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला आठवड्याच्या मधला दिवस विचार, मुंबई ते गोवा, एका बाजूची. ताईंची मैत्रीण ठरली की आम्हालाही कळव, आमच्या हिने पुन्हा यायचं ठरवलंच आहे. मुरगावहून परतायला एकच मोठी गाडी करू, चोर्ल्यात चहा माझ्याकडे.

वहिनींना नमस्कार, ताईंना साष्टांग.

तुझा,
अण्णा