नोकरीचं कळवायचं होतं

पुणे,
रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई लगेच "जेवलीस का"वर येते, बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, डोळ्यांना ताण देऊ नका, दादाला मोठ्याने वाचायला सांगा. वहिनीने ऐकलं तरी चालेल, तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. आत्याला मात्र इतक्यात सांगू नका, तिला मी स्वतः सांगेन.

कंपनीने दिलेली वर्षाची बिनपगारी रजा या महिन्यात संपतेय. परत येणार का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणून कळवलं आणि राजीनामा मंजूरही झाला. मराठीच्या एम.ए.चं दुसरं वर्ष मी पूर्ण करणार आहे. त्यानंतरही टेस्टिंगच्या कामाकडे परत जायचा विचार नाही.

तुम्ही रागावणार नाही, मला माहितेय. तुम्ही गप्प बसाल, आणि तेच मला जड जातं. म्हणून सगळं नीट सांगते.

शेतातल्या ड्रिपचं, ठिबकचं, कर्ज फिटेपर्यंत मी रजेचा अर्जसुद्धा केला नव्हता. त्या मार्चमध्ये जे झालं, त्यानंतर मनाशी पक्कं केलं होतं की घरावर कुणाचं देणं असताना आपण पुस्तकं घेऊन बसायचं नाही. ते देणं आता नाही. पीएफला हात लावलेला नाही. हॉस्टेल मिळाल्यापासून खोलीभाड्याचा मोठा खर्च वाचला. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काही तास काम करते, त्यात वरचा खर्च निघतो. खोलीत खिडकी आहे, पंखा आहे, पाणी दोन्ही वेळ येतं. सोबतची मुलगी लातूरची आहे, शांत आहे, लवकर झोपते. मेसची पोळी कागदासारखी असते, पण वरण घट्ट असतं आणि रविवारी काहीतरी गोड मिळतं. आईच्या बिबड्या अजून डब्यात आहेत. तेव्हा मी उपाशी राहतेय, वाळलेय, असं काही मनात आणू नका. दिवाळीतला तो फोटो वाईट आला होता, एवढंच.

पुढचंही सांगते. प्राध्यापकीसाठी सेट आणि नेट अशा पात्रता परीक्षा असतात. यंदा सेटला बसणार आहे, देशपातळीवरच्या नेटचाही अभ्यास चालू आहे. सेट आपलंच विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पास झाले की सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी पात्र ठरेन. भाषांतराची, पाठ्यपुस्तकांची, मुद्रितशोधनाची कामं आत्ताही मिळतात. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या दिवशी बाबांनी मला आवर्जून फोन केला होता. त्यामुळे लगेच नोकऱ्यांची रांग लागेल असं मी म्हणणार नाही. पण अगदीच हवेत उडी मारलेली नाही, एवढं मनात धरा.

बाबा, दिवाळीत तुम्ही ओट्यावर बसून विचारलं होतं, "मराठी तर येतंच की तुला, त्यात दोन वर्षं काय शिकायचं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देता येईल.

आम्हाला सर्जनशील लेखनाचा एक पेपर आहे. त्यात दर शुक्रवारी एक टिपण द्यावं लागतं. गोष्ट किंवा कविता वेगळी, हे टिपण वेगळं. या आठवड्यात काय लिहिलं, काय खोडलं, कुठे अडलं, कुणाचं ऐकून काय बदललं, ते साधं लिहायचं. काही मुलांना हे जादा काम वाटतं. मला वाटतं, खरं शिकणं त्यातच होतं. गोष्ट बरी झाली की वाईट, हे नशिबावर असल्यासारखं वाटायचं. टिपणात आपली वाट दिसते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच खड्ड्यात पाय जात नाही.

शाळेत आपण निबंध कसे लिहायचो आठवा. "माझी आई" हा निबंध वर्गातल्या सगळ्यांनी एकाच गाईडमधून लिहिला होता. सगळ्यांच्या आया पहाटे उठायच्या, सडा घालायच्या आणि प्रेमळ होत्या. मला दहापैकी आठ मिळाले, तू तो कागद देव्हाऱ्यात ठेवलास. पण आई, त्या निबंधात तू नव्हतीस गं. त्यातल्या बाईला लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात सरकवताना कुणावर तरी पुटपुटायची सवय नव्हती.

इथे पहिल्याच सत्रात सांगितलं की एक माणूस एक काम करतोय, एवढंच लिहा, भावना लिहायच्या नाहीत. मी बाबांची कापणी लिहिली. पहिला खर्डा वर्गात वाचला, त्यात कष्ट, घाम, काळी आई असं सगळं होतं. मुंबईच्या एका मुलीने सहज विचारलं, "पण घड खाली कसा येतो?" तिला ठाऊकच नव्हतं की केळीच्या एका खोडाला आयुष्यात एकदाच घड येतो, मग ते खोड कापायचं आणि बुडाचं पील, म्हणजे बुडातून फुटलेला कोंब, वाढवायचं. मग मी पुन्हा लिहिलं. बाबा विळ्याने दांडा तोडतात, दादा खांद्यावर पाल्याची चुंबळ घेऊन खाली उभा असतो, घड अंगावर येताना त्याचा डावा गुडघा जरा वाकतो. तोडलेल्या जागेतून चीक गळतो, गळताना पाण्यासारखा दिसतो, आणि सदऱ्यावर वाळला की तपकिरी-काळा होतो, मग कशानेही निघत नाही. म्हणून बाबांचा कापणीचा सदरा वेगळा, त्याची खुंटी वेगळी, आणि आई तो कधी इतर कपड्यांत भिजवत नाही. एवढंच लिहिलं. प्रेम, कष्ट असलं काही लिहिलं नाही. वाचून झाल्यावर वर्ग थोडा वेळ बोलला नाही, आणि त्या मुलीने पिलबाग, म्हणजे पिलांवर वाढवलेली बाग, म्हणजे काय ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

त्या शुक्रवारच्या टिपणात मी लिहिलं की मोठी विशेषणं काढली आणि माणूस दिसायला लागला. बाबा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. मराठी येत होती, पण ती वापरून घरातलं माणूस कागदावर उभं करता येत नव्हतं. ते शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. नोकरी करून रात्री उरलेल्या तासाभरात ते होत नव्हतं. मी करून पाहिलं होतं.

एकदा एका आठवड्यात आजीची गोष्ट लिहायला घेतली. फैजपूरच्या काँग्रेसची. 1936 साली खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, ते आपल्या शेजारी भरलं आणि आपली आजी परकरात बैलगाडीतून तिथे गेली, हे आम्ही किती वेळा ऐकलंय. लिहायला बसले तर चार ओळींत संपलं. गाडी कुणी हाकली? निघाले ते रात्री का पहाटे? डिसेंबरची थंडी, अंगावर काय घेतलं होतं? बरोबर भाकरी कशाशी होती? ती नेहमी "बांबूचं गाव उभं केलं होतं" म्हणायची, ते तिने आतून पाहिलं की लांबून? बाबा, यातलं जे तुम्हाला आजीकडून कळलं असेल ते मला सांगा. आठवेल तसं, मागेपुढे झालं तरी चालेल. नसेल आठवत तर नाही म्हणा, ओढूनताणून नको.

आणि आई, तुझ्याकडे तर मोठं काम आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला मी तुझ्या ओव्या घेतल्या आहेत. विषय मंजूर झालाय, त्यामुळे आता "माझं कसलं मेलं" म्हणू नकोस. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. कुणाची ओवी, कोणतं गाव, ते सगळं नोंदवून. आणि आपल्या बहिणाबाई तर तुझ्या माहेरच्या वाटेवरच्या, असोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव वगैरे घरची माणसं टिपून ठेवायची, म्हणून त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. कुणी टिपलंच नसतं तर? तू तर चौथीपर्यंत शिकलेली आहेस, तरी तुझी एकही ओवी कागदावर नाही.

एक गोष्ट मी खूप वर्षांपासून ऐकत आलेय, कधी बोलले नाही. भावाच्या ओव्यांत तू मामांचं नाव घालायचीस. त्या वाटणीच्या वर्षानंतर तू ते नाव गाळलंस आणि नुसतं "बंधू" म्हणायला लागलीस. चाल मोडू नये म्हणून शेवटचं अक्षर जरा लांबवतेस. मी हे टिपणात लिहिलंय, मामांचं नाव न घेता. तुला नको असेल तर प्रकल्पात घालणार नाही, अगदी खरं सांगते. पण मला वाटतं, एवढं सगळं एका शब्दाच्या जागेत बसवणारी बाई आमच्या अख्ख्या वर्गात कुणी नाही. यात दुखेल असं काही असेल तर बाजूला ठेव, आपण मी आल्यावर बोलू. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकेन. तेल मात्र कोमट कर, मागच्या वेळी चटका बसला होता.

आता जरा ऐका, दोघंही.

आई, आषाढी आलीये. उपास कर, पण बीपीची गोळी चुकवायची नाही. गोळीने उपास मोडत नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. साबुदाण्यावर दिवस काढू नकोस, भगर-दही खा. गुडघा सुजला असेल तर खाली बसून वाती वळायच्या नाहीत, खुर्ची त्यासाठीच आणलीये. ओव्यांसाठी दादाने फोनवर रेकॉर्डिंग लावून द्यायचं, दुपारी, पंखा बंद करून, नाहीतर नुसता पंखाच ऐकू येतो. एका वेळी पाच-सहा पुरे. शेजारच्या काकूंनाही बोलव, दोघी असलात की तुला आठवतं.

बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीची, लागवड झाल्यावर, असं तुम्ही म्हणाला होतात. लागवड उरकली असेल किंवा उरकत आली असेल. पुढच्या महिन्यात मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने येतेय, आपण जळगावला जाऊन तारीख घेऊ. साखर तपासून ठेवा, वाढलेली असली तर डॉक्टर परत पाठवतात. चहात अर्धा चमचासुद्धा नको. वहिनी मला खरं ते सांगते, तिला रागवू नका.

आणि शेतीला रात्री लाईट असते त्या आठवड्यात तुम्ही एकट्याने मोटार चालू करायला मळ्यात जायचं नाही. पावसाळा आहे, बांधावर साप निघतात, आणि तुम्हाला त्या डोळ्याने अंधारात दिसत नाही हे तुम्ही कबूल केलं नाहीत तरी आम्हाला दिसतं. लहानपणी मी तुमच्या खांद्यावर बसून बॅटरी धरायचे, ती रात्र मला फार आवडायची, बागेत पानांवर पाणी वाजायचं आणि तुम्ही मला तारे दाखवायचात. पण तेव्हा तुम्ही चाळिशीचे होतात. आता घरी बसून फोनवरून मोटार चालू होते.

तो मोबाईल स्टार्टर मी फैजपूरच्या दुकानात सांगून ठेवलाय. बुधवारी माणूस बसवायला येईल. सिमकार्ड दादाच्या नावावरचं द्या. पैसे मी दिलेत, पुन्हा देऊ नका. तुमचा आणि दादाचा, दोघांचेही नंबर त्यात टाकून घ्या, आणि तो जाण्याआधी एकदा त्याच्यासमोर चालू-बंद करून पाहा.

तुमची,
छोटी