मनीषा, आधी हे करून घे

प्रिय मनीषा,

मुतखड्यासाठी केलेल्या सीटीत भलतंच निघालं म्हणून तू घाबरलीयस, पण मला तर बरंच वाटलं गं, कारण हे दुखत-खुपत नाही, असंच दुसऱ्या कशाच्या तपासणीत सापडलं तर सापडतं. पानथरीला, म्हणजे प्लीहेला, रक्त नेणाऱ्या धमनीला १.६ सेंटीमीटरचा फुगा आलाय, त्यालाच रिपोर्टात स्प्लेनिक आर्टरी ॲन्युरिझम लिहिलंय. सासूबाई म्हणतात, "दुखस का? नही ना, मंग कसाले?" त्यांचा राग करू नको, अमळनेरात कुणी ऐकलंच नसेल हे. आणि साठीच्या बाईला एवढाच असता तर डॉक्टरही बहुतेक थांबून बघू म्हणाले असते.

पण तुला दुसरं मूल हवंय ना, सगळा प्रश्न तिथे आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हार्मोन्समुळे धमनीची भिंत सैल पडते, ड्रिपची नळी कमजोर जागी फुगून प्रेशर वाढलं की तिथेच फाटते तसं होतं, आणि ते बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. गरोदरपणात फुटल्याच्या जुन्या नोंदींत १०० पैकी ७५ च्या आसपास आया गेल्यात, बाळं तर ९५. हे आकडे लिहिताना माझाच हात जड झालाय, पण तुझ्यापासून लपवणार नाही.

फसवतं कसं तेही ऐक. पोटात डावीकडे वर कळ येते, कधी डाव्या खांद्यात, चक्कर येते. घरी पित्त म्हणतात, जिऱ्याचं पाणी देतात. लेबर रूममध्ये आम्ही आधी वार सुटली का, पिशवी फाटली का तेच बघतो. काहींचं रक्त सुरुवातीला जठरामागच्या कप्प्यात साठतं, दाब बसून बीपी सावरतो, बाई उठून बसते, सगळ्यांना वाटतं निभावलं, आणि काही तासांनी ते पोटभर पसरतं. तेव्हा पोट उघडून धमनी बांधायची, बऱ्याचदा पानथरीही काढायची, रक्ताच्या बाटल्या जमवायच्या, एवढं सगळं रात्री तालुक्याला कुठून होणार गं?

आत्ता मात्र हेच काम शांतपणे होतं. जांघेतून बारीक नळी घालून फुग्यात धातूची कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, बसवून तिथलं रक्त अडवतात, पोट कापत नाहीत, पानथरीला जठराकडूनही रक्त मिळतं म्हणून ती बहुतेक वाचते. नंतर थोडे दिवस डावीकडे दुखेल, ताप येईल, मग परत स्कॅन. २०२० च्या अमेरिकन व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जन्सच्या गाइडलाइनमध्ये तर मूल होण्याच्या वयातल्या बाईचा फुगा केवढाही असो, उपचार कराच असं आहे.

म्हणून चान्स सध्या घेऊ नको. सीटीची सीडी घेऊन नाशिकला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला, म्हणजे असं नळीतून काम करणाऱ्या डॉक्टरांना, दाखव, भाऊजींना सोबत ने, त्यांनी स्वतः ऐकलं पाहिजे. सासूबाईंशी मी फोनवर बोलते, माझं ऐकतात त्या. आणि मधे कधी तशी कळ आली, डोळ्यापुढे अंधारी आली, तर कुणाला विचारत बसू नको, १०८ ला फोन कर आणि फुग्याचं आधी सांग. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये वरच ठेव.

तारीख मिळाली की लगेच कळव, मी सुट्टी टाकून येते.

तुझीच,
वैशू