मंत्री महोदय, शिकाऊ उमेदवाराची वही मागवा

मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

इतक्या हजार तरुणांना कारखान्यात शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) मिळाली, अशी बातमी अधूनमधून येते. मी आयटीआयमध्ये जोडारीचा (फिटर) शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक, होतो. त्यामुळे मला पुढचा प्रश्न पडतो: वर्ष सरल्यावर यांतल्या किती जणांना ड्रॉइंग वाचून मापात बसणारा जॉब, म्हणजे धातूचा भाग, काढता येतो? हा आकडा मात्र कधी जाहीर होत नाही. म्हणून शिकाऊच्या प्रगतीची नोंदवही प्रत्यक्ष तपासली जावी, एवढेच मागायला हे पत्र लिहीत आहे.

दहावी-बारावी झाली, पदवीला जायचे नाही किंवा परवडत नाही, अशा मुलांसाठी कामे पुष्कळ आहेत. संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी मशीन चालवणे, वातानुकूलन यंत्रणा सांभाळणे, पॅनेलचे वायरिंग करणे, यांतले कोणतेही काम नुसत्या दहावीवर येत नाही आणि त्यासाठी इंजिनिअरही व्हावे लागत नाही. आयटीआयच्या दोन वर्षांत मुलाचा हात बसतो. कानस सरळ चालते, बारीक माप घेणारा व्हर्नियर वाचता येतो. पण चालू उत्पादनातली घाई, तपासणीत नाकारलेला माल, रात्रपाळीत अडकलेले मशीन हे आमच्या कार्यशाळेत कुठून आणणार? ते कारखान्यातच शिकावे लागते. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 मध्ये झाला तो याचसाठी.

कायदा तसा बरा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनी 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याचे बंधन घातले. 2016 च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलू लागले. म्हणजे यात जनतेचा पैसाही आहे.

आणि प्रत्यक्षात? माझी जुनी मुले भेटायला येत तेव्हा सांगत, "सर, वर्षभर पॅकिंगलाच होतो." कुणी ट्रॉली ओढली, कुणी एकाच प्रेसवर बटण दाबत बसला. सगळीकडे असे नसते. जीव लावून शिकवणारे फोरमनही मी पाहिले आहेत. पण ते त्या माणसाचे पुण्य, व्यवस्थेचे नव्हे. कलम 18 म्हणते, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे सुरक्षा वगैरे तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. कामगाराचे हक्क नाहीत आणि शिकवतही कुणी नाही, मग तो तिथे नेमका कोण?

मालकांची बाजू मी जाणतो. शिकवून तयार केला की पोरगा चार पैसे जास्त देणाऱ्याकडे जातो, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. पण कलम 22 नुसार त्याला नोकरी देण्याचे बंधनही सर्वसाधारणपणे मालकावर नाही. थोडे त्यांनी सोसले, थोडे मुलाने, इतपत ठीक. शिकवायचेच नाही, ही सूट मात्र कुणी दिलेली नाही. मालक स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल, तर पात्र माणूस प्रशिक्षणावर नेमावा, असे कलम 11 सांगते. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवावी, असे कलम 19 सांगते.

माझी मागणी या कलम 19 पुरतीच आहे. नवा अभ्यासक्रम नको, नवे पोर्टल तर मुळीच नको. जर्मनीत शिकाऊ स्वतः नोंदवही लिहितो, प्रशिक्षक त्यावर सही करतो आणि ती वही नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडे अशी नोंद कुणी बघायला मागितली, तर ती बहुधा एका दुपारी, एकाच पेनाने लिहून तयार होते. एक महिना नियम करा: बीटीआरआयचा, म्हणजे शिकाऊंच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्राचा, अधिकारी न कळवता कारखान्यात जाईल, वही मागेल, तिच्यातली कोणतीही एक नोंद निवडेल आणि मुलाला म्हणेल, "हे करून दाखव." मुलाला ते जमले नाही, तर त्या आस्थापनेचा विद्यावेतनातला सरकारी हिस्सा थांबवण्याची शिफारस आपण केंद्राकडे करावी. मुलाचे पैसे कापू नयेत, ते मालकाने पूर्ण द्यावेत.

तपासणीला माणसे कमी आहेत, असे उत्तर येईल. पदे रिकामी आहेत हे खरेच. तोवर निवृत्त निदेशकांना बोलवा. जॉब हातात घेतला की तो मुलाने काढला की दुसऱ्या कुणी, हे आम्हाला कळते. आणि मानधनावरून आमच्यातले फार जण अडून बसतील असे वाटत नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (जोडारी)