तुपाचा डबा

श्टुटगार्ट,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

रोज व्हिडिओ कॉल होतो, मग पत्राचं काय हे खूळ, असं आई म्हणेलच. पण कॉलवर आजी अगदी फोनला नाक लावून बसलेली असते, आणि मला बोलायचंय ते तुपाबद्दल.

जर्मनीला निघायच्या आधीच्या त्या शेवटच्या पंचवीस दिवसांतलं मला धड काही आठवतच नाही. आधीचे सगळे महिने नुसती वाट बघण्यात गेलेले. आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं सर्टिफिकेट, मुंबईतली व्हिसाची तारीख, इथल्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायचे ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो. एफडी मोडून आलात त्या दिवशी जेवताना तुम्ही एक शब्द बोलला नव्हता, बाबा. मीही विचारलं नाही. ते पैसे आता मला महिन्याला ९९२ युरो असे मिळतात. आपलेच पैसे, पण पहिल्यांदा आले तेव्हा पगार झाल्यासारखं वाटलं.

मग १ सप्टेंबरला गौरीचा नैवेद्य दाखवत होतो आणि दारात व्हिसा घेऊन कुरियरवाला. आईनं पुरणाच्या हातानंच सही केली. तिथून जी पळापळ सुरू झाली! अनंत चतुर्दशी झाली की पक्ष पंधरवडा, आणि आजी म्हणाली पक्षात नवी वस्तू घरात यायची नाही. म्हणजे पक्षाआधी खरेदीला मोजून पाच दिवस, त्यातला एक मिरवणुकीत गेला. महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि आपण थर्मल शोधत फिरत होतो, भर सप्टेंबरात, कोल्हापुरात! मोठी बॅग राहिली ती राहिलीच. शेवटी पळवाट आजीनंच काढली. "मामानं घेऊन दिली तर चालतंय, ती भेट झाली." मामाला पैसे कुणी दिले ते तिनं विचारलं नाही.

पण मला सारखे आठवता ते तुम्हीच, बाबा. भंगारवाल्याकडं असतो तसला ताणकाटा कुठून तरी आणलात आणि रोज रात्री जेवणं झाली की बॅग त्याला लटकवायची, चष्मा कपाळावर, मोबाईलचा टॉर्च काट्यावर. तेवीस किलोच्या दोन. एक कायम चोवीसच्या वर. मी दोन टॉवेल काढायचे आणि सकाळी बघावं तर त्या जागी कांदा-लसूण चटणीची आणखी एक पिशवी.

निघायच्या आदल्या रात्री तो डबा सापडला. स्टीलचा, झाकणाला टेप, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि कुकरच्या आत लपवलेला. मी म्हटलं, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. तुम्ही म्हणालात, "दूध कुठंय ह्यात? तूप आहे ते." आणि मी ओरडले. तुम्हाला काही कळत नाही म्हणाले, तेही रात्री साडेबाराला, आजी जागी असताना. तुम्ही काही न बोलता डबा काढून फडताळात ठेवलात आणि परत काटा बघितलात. "बसतंय आता," एवढंच.

नियमाचं माझं बरोबर होतं, ते मी सोडत नाही. पण फ्रँकफर्टला कुणी बॅग उघडूनसुद्धा बघितली नाही. तुम्ही केलेल्या झेरॉक्सच्या दहा सेटांना अजून हात लागलेला नाही. इथं राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, तिथं नेमका एकच कागद हवा होता, घरमालकाच्या सहीचा. तो फाइलमध्ये असणार कसा!

पोचले शनिवारी रात्री. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सगळी दुकानं बंद. खरंच सगळी. कुकरला भात लावला तर पहिल्या शिट्टीला शेजारची मुलगी घाबरून दारात. तिला मेतकूट-भात दिला. गरम भात, पिवळं मेतकूट, मीठ, आणि मी सवयीनं तुपाची वाटी शोधायला मान वळवली. कोरडंच खाल्लं. तिला आवडलं म्हणे. तिला काय माहीत त्यात काय नव्हतं.

सोमवारी दुकानात गेले तर फळीवर डबा, "बुटरश्माल्ट्स". कढवलेलं लोणीच की! म्हणजे तूप इथंही आहे, बाबा. आणलं. दिसतं तसंच, पण त्याला आपल्यासारखा वास नाही. म्हणून काल पाव किलो लोणी आणून स्वतःच कढवलं. खोलीच्या खिडकीतून श्टुटगार्ट दिसतं, डोंगरांच्या मधल्या खळग्यात वसलेलं. इथले लोक त्या खळग्याला कढईच म्हणतात. मी त्या कढईकडं बघत बसले आणि माझ्या कढईतलं जरा लागलं. बेरी मात्र चांगली निघाली, साखर घालून उभ्यानंच खाल्ली.

आई, तडतडणं थांबलं की लगेच बंद करायचं, की रंग येईपर्यंत थांबायचं? आणि विड्याचं पान इथं मिळत नाही, त्याऐवजी काही चालतं का? आजीला विचार, पण माझं लागलं ते सांगू नकोस.

आणि बाबा, तो डबा अजून फडताळातच असेल तर उघडा. दिवाळीची वाट बघू नका, खवट होईल.

तुमची,
मनू