सोमवारपासून कामावर जातेय

ती. आई आणि बाबा यांना सा. नमस्कार.

साखरेसाठी केलेल्या या जठराच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला गावी येत नाही, कामावर जातेय म्हटल्यावर परवा फोनवर बाबा काहीच बोलले नाहीत आणि आई, तू "तुझं तू बघ" म्हणून फोन ठेवलास. तू रडायला लागलीस की माझंही बोलणं अडतं, म्हणून हे लिहून मामाच्या हाती पाठवतेय. बाबांनी वाचून दाखवावं, मधलं काही न गाळता.

येत्या सोमवारपासून मी सोसायटीत कामावर रुजू होतेय. मॅनेजरसाहेबांना तसं कळवलंय. पहिला आठवडा दुपारी दोनपर्यंतच बसायचं, जमलं तर पुढे पूर्ण वेळ. हे ठरलंय, पण कसं ठरलं ते तुम्हाला नीट कळावं असं मला फार वाटतं.

डॉक्टरांनी कॅलेंडर बघून सांगितलं नाही. ऑपरेशन दुर्बिणीतून झालंय, पोटावर बारीक छेद आहेत. बसून काम करणारी माणसं बहुतेक दोन-तीन आठवड्यांनी कामाला लागतात. ओझी उचलायची, शेतातली कामं असतील तर सहा आठवडे थांबायचं. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की दिवसभरात दीड लिटर पाणी घोट घोट करून जातंय का, जिना चढल्यावर चक्कर येते का, दुखायच्या गोळीशिवाय दिवस जातो का. पाणी जातंय, चक्कर येत नाही, गोळी बंद झालीय. दुपारी थकवा येतो, तो मी लपवत नाही. म्हणूनच दोन वाजेपर्यंत.

आई, तू बाळंतपणासारखा सव्वा महिना धरून बसली आहेस. माझ्या बाळंतपणात तू केलंस ते मी विसरलेली नाही. पण बाळंतिणीला खाऊ घालून अंग भरून काढायचं असतं, इथे तसं नाही गे. जठराचा तीन चतुर्थांश भाग काढलाय. उरलंय ते अर्ध्या वाटीत भरेल एवढं. जास्त गेलं की दुखतं आणि उलटी होते. शिवाय पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते, म्हणून मला दुसऱ्या दिवसापासूनच चालवलं. तुझ्या हाताचं नको म्हणून मी येत नाही असं मनातसुद्धा आणू नकोस. लहानपणी ताप आला की उकड्या तांदळाची पेज बशीत ओतून, फुंकर मारून, एकेक चमचा भरवायचीस, मी तोंड फिरवलं की भिंतीवरची पाल दाखवायचीस. हल्ली पेजेचा वास आला तरी तू शेजारी बसली आहेस असं वाटतं.

आणि बाबा, तुम्ही गप्प का आहात ते मला माहीत आहे. आत्या. ती रात्र, तो पाऊस, जांबोटीपर्यंत काढलेली ती वाट. तुम्ही कधी बोलत नाही, मीही विचारत नाही. पण साखर तिला होती, मलाही होती, म्हणून तर मी हे ऑपरेशन करून घेतलं. आणि आषाढात गावाकडे येत नाही तेही त्याच रात्रीमुळे. ताप आला, छातीत धडधड वाढली, पोटात जोराची कळ आली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं आहे. टिळकवाडीतून ते हाकेच्या अंतरावर आहे.

पैशासाठी घाई करतेय असं वाटत असेल तर तेही सांगते. पूर्ण पगाराची रजा संपत आलीय हे खरं, आणि थोडी रजा पुढच्या तपासण्यांसाठी राखून ठेवायची आहे. पण पैशाची अडचण नाही. म्हैस विकायचं पुन्हा तोंडातूनसुद्धा काढू नका. घरात बसून माझं सगळं लक्ष पोटाकडेच लागतं. काउंटरवर बसले, चार माणसांशी बोलले, की बरं वाटेल.

काळजी कुणाकुणाला घ्यायला लावलीय तेही ऐका. हे मला गाडीवरून सोडतील आणि आणतील, स्कूटी मी आत्ता चालवत नाही. मला तळमजल्याच्या टेबलावर घेतलंय, जिना नाही. कॅशची पेटी आणि जाड रजिस्टरं शिपाई उचलेल. दर तासाला उठून चार पावलं चालायचं. पाण्याची बाटली टेबलावर, पण जेवणाच्या पुढे-मागे अर्धा तास पाणी नाही. सासूबाई डब्यात मुगाचं घोटलेलं वरण आणि घट्ट दही देतात, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीनची पावडर वेगळी. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन जायला हवं, नाहीतर अशक्तपणा येतो. जीवनसत्त्वाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या आहेत. काही महिन्यांनी केस गळतील, ते बघून घाबरू नकोस आई, पुन्हा येतात.

पुढच्या आठवड्यापासून मऊ अंडं चालेल. तेव्हा आपली गावठी अंडी पाठव, भुशात ठेवून, मामाच्याच हाती. शहरातल्या अंड्याला ती चव नाही.

डिंकाचे लाडू केलेस ते काकूच्या घरी दे. बाबांना एकही नाही. बाबा, तुमची साखर तपासायची तारीख टळून गेलीय, खानापूरला जाऊन या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. बीपीची गोळी संपायच्या आधी आणा, संपल्यावर नव्हे. आई, यंदा रोप लावणीला चिखलात उतरायचं नाही, तुझे गुडघे ते सोसणार नाहीत. माणसं लावा, मजुरी मी देते. हब्बनहट्टीच्या मारुतीचा नवस तू बोललीस ते ह्यांच्याकडून कळलं. आत्ता देवळात नदीचं पाणी शिरलेलं असेल. पाऊस ओसरला की आपण तिघं मिळून जाऊ, तोवर माझं चालणंही मोकळं होईल.

गल्लीत तू अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं आहेस, राहू दे तसंच. मी मात्र ऑफिसात खरं सांगणार आहे, कारण डबा बघून माणसं विचारणारच. त्याचा तुला त्रास होणार नाही असं बघेन.

सोमवारी सकाळी फोन करू नका, निघायच्या गडबडीत तुमचा आवाज ऐकला तर माझा पाय निघायचा नाही. दोनला सुटल्यावर मीच करते. बाबा, तेव्हा फोन तुम्ही घ्या, आणि बोला.

तुमची,
बेबी