दुसरा सेदर

प्रिय याएल,

शालोम.

मिलका आत्याचा फोन आला होता. तू पेसाहला, आपल्या मिसरमधून सुटकेच्या सणाला, इस्राएलमधल्या तिच्या दिमोना गावी येतेयस हे सांगताना तिचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरात मम्मीला सगळं ऐकू गेलं. वसतिगृहातल्या मुलांबरोबर सेदर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण, करायचा बेत सोडलास ते बरं केलंस. तसा सेदर पुढच्या सहामाहीतल्या मुलांनाही मिळेल. आत्या आता सत्तरीपुढची आहे आणि तिच्या टेबलावर माहेरचं माणूस बसून किती वर्षं झाली ते तिलाच विचार. व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून हे मेलने पाठवतोय.

आधी कामाचं. सेदरच्या दिवशी दुपारनंतर तिकडे बस, ट्रेन सगळं बंद होतं. जेरुसलेमहून बेरशेवा आणि तिथून बस बदलून दिमोना, म्हणजे सकाळीच निघ. खरं तर आदल्या दिवशीच जा. संध्याकाळी मेणबत्ती घेऊन घरभर खमीर, म्हणजे पेसाहला वर्ज्य असलेलं गव्हा-पिठाचं खाणं, शोधतात, तेव्हा तू तिथे असावंस. आणि आयत्या वेळी पाहुणीसारखी हातपाय धुऊन पाटावर जाऊन बसलेली आत्याला आवडणार नाही, मलाही नाही.

निघायच्या आधी बॅगेतलं खाणं तपास. मम्मीने दिलेली हिंगाची डबी दिमोनाला अजिबात नेऊ नकोस. बाजारच्या बांधानी हिंगात पीठ मिसळलेलं असतं, बहुतेक वेळा गव्हाचंच. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू. आपल्याला वाटतं पाव आणि बिस्किटं काढली की घर साफ झालं, पण मराठी घरातलं खमीर लपतं ते अशा डब्यांत. तुझी आजी पेसाहच्या आधी घराला चुना लावून घ्यायची, तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची आणि मसाले नव्याने कुटायची. तेव्हा मला ते सगळं जरा अतीच वाटायचं. आता इस्राएलमधल्या दुकानांत पावाच्या आख्ख्या कपाटांवर प्लास्टिक ताणलेलं तू बघशीलच. तिथे तर सरकारचं खमीरसुद्धा सणापुरतं रीतसर खरेदीखत करून बिगरज्यू माणसाला विकतात. अबू घोष गावच्या एका अरब हॉटेल मॅनेजरने वर्षानुवर्षं ते विकत घेतलं. आठवडाभर तो कागदोपत्री देशातला सगळ्यात मोठा धान्यवाला!

आत्याकडे भात असेल. आपल्या बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, पेसाहला तांदूळ चालतो, फक्त ती तो उजेडात बसून तीन वेळा निवडते, चुकून गव्हाचा दाणा नको म्हणून. ते काम तुझ्यावर येणार हे धरून चाल. पण टेबलावरच्या सगळ्यांना चालत नाही. नातजावई रुमानियाकडच्या घराण्यातला, अश्केनाझी, त्यांना तांदूळ काय, कडधान्यंही वर्ज्य. सून मोरोक्कोवाली, आणि त्यांच्यातही पुष्कळ घरांत तांदूळ नसतो. त्यामुळे हिरव्या मसाल्याच्या मटणाबरोबर अर्धं टेबल भात खातं आणि अर्धं बटाटे. दर वर्षी यावरून कोणी तरी काही तरी बोलतं. तू त्यात पडू नकोस. हसून भात वाढून घे.

सरबत मात्र नीट बघून शीक. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. आपल्याकडे कोशेर, म्हणजे धर्माला चालणारी, वाइन कुठली मिळायला, म्हणून किद्दुशला, पेल्यावरच्या आशीर्वादाला, हे. आत्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात वाइनच्या बाटल्यांची रांग लागलेली असते, तरी सेदरच्या चार पेल्यांतला पहिला ती घरच्या सरबताचाच भरते. खजुराचा शिराही तिच्याकडून घे. खजूर शिजवून, गाळून, तो रस मंद आचेवर आटवत बसायचं, वर अक्रोड. मम्मीचा पातळ होतो. (हे तिला सांगू नकोस.)

हगादा, सेदरला वाचायची सुटकेची पोथी, आत्याकडे हिब्रूतूनच वाचतात, पण मध्ये एका ठिकाणी आत्या थांबते आणि मराठीतून सुरू होते, "आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो..." ते पुस्तक आपल्या आजोबांचं आहे, ठाण्याहून गेलेलं. आपल्या लोकांनी मराठी हगादा १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली, हे तुला माहीत होतं का? नंतर १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाली, चित्रांची. तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आहेत, जमिनीवर बसलेल्या, अंगावर लुगडी, केसांचे अंबाडे. पीठ भिजवल्यापासून भाजेपर्यंत अठरा मिनिटांच्या आत सगळं उरकायचं, ती घाई त्यांच्या हातांत दिसते. इंटरनेटवर त्या हगादाची पानं सापडतात, शोध. आत्याच्या नातवंडांना दाखव. त्या मुलांना मराठी म्हणजे आजी रागावली की बोलते ती भाषा, एवढंच ठाऊक आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

इस्राएलमध्ये सेदर एकच. पेसाह सात दिवसांचा. आपण बाहेरचे, म्हणून आपल्याकडे सेदर दोन आणि पेसाह आठ दिवस. लहानपणापासून तू दोन्ही रात्री बसलीस, पहिल्या रात्री घरी आणि दुसऱ्या रात्री आपल्या शार हशामायिम सिनेगॉगच्या लोकांबरोबर. आता तू तिथे आहेस, पण तिथली नाहीस. मग तू काय करायचं? यावर रब्बींचं पूर्वापार एकमत नाही. काही म्हणतात, जिथे आहेस तिथलं पाळ, एकच सेदर. पण बहुतेकांचा नियम असा की माणूस परत जाणार असेल तर त्याने आपल्या ठिकाणचं पाळावं, दोन्ही दिवस. आणि राहायलाच आला असेल तर एक.

तेव्हा टेबलावर कोणी तरी सहज विचारेल, "याएल, उद्या तू दुसरा सेदर करणार का?" तो प्रश्न सहज नसेल. परत जाणार की इथेच राहणार, असं ते विचारत असतील. मी माझ्या बहिणीला ओळखतो. सेदर संपताना सगळे म्हणतात, पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये. तू तर जेरुसलेमहूनच आलेली. ते म्हणून झालं की आत्या तुझ्याकडे बघेल.

मला ती हे गेली कित्येक वर्षं विचारतेय. आतोबा लहानपणी आईवडिलांबरोबर इस्राएलला गेले आणि १९७७ साली मुलगी बघायला ठाण्याला आले, तेव्हा ती गेली. मी शाळेत होतो. पुढे मी बँकेत लागलो, आजीने घर सोडायला नकार दिला, मग तुझी मम्मी, मग तू. आत्याला ही कारणं कधीच पटली नाहीत, आणि खरं सांगायचं तर ती कारणं नव्हतीच. मला इथून जावंसं वाटलं नाही, एवढंच.

हगादा वाचताना मला नेहमी एक अडचण येते, ती तुला सांगून ठेवतो. मिसर सोडलं ते गुलामीतून. फारो होता, विटा होत्या, चाबूक होता. कोकणात आपला फारो कोण? नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले असं आपण सांगतो. मग शेकडो वर्षं गावोगाव तेल गाळलं. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक शनवार तेली म्हणाले, आणि याच्यापलीकडे कोणी काही केलं नाही. पेण, रोहा, किहीम, चेऊल ही गावं आडनावांत घेऊन फिरतोय. पोग्रोम, म्हणजे ज्यूंवरचे जमावाचे हल्ले, हा शब्द मी पुस्तकात वाचला. मग आत्या कशातून सुटून गेली? हे मी तिला एकदा फोनवर विचारलं. ती म्हणाली, "सुटायला नाही गेले रे. पोचायला गेले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

पण पोचल्यावरचंही ऐक. आतोबा बोलत नाहीत, तू विचारलंस तर बोलतील. त्यांचे वडील परळच्या गिरणीतून थेट दिमोनाच्या गिरणीत गेले. गाव १९५५ साली वसवलेलं, वाळवंटात, झाड बघायला नाही. तेही चाललं असतं. पण पुढे बेने इस्राएल मुलामुलींचं बाकीच्या ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी पूर्वजांची चौकशी करा, असा तिथल्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम निघाला. दोन हजार वर्षं शनिवार पाळला, सुंता केली, शेमाची प्रार्थना म्हटली, आणि आपल्या देशात पोचल्यावर विचारतात, तुम्ही ज्यू नक्की का? १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. आतोबांचे वडील त्यांत होते, आणि आतोबाही, बारा वर्षांचे. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, तिथल्या संसदेने, सांगितलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि हुकमातून आपलं नाव गेलं. तू रोज विद्यापीठात जातेस त्याच शहरात हे झालं.

आणि एवढं होऊनही ते कुटुंब परतलं नाही, हे लक्षात घे. पन्नासच्या दशकात काही जण भांडून, त्यांना तिथे नेणाऱ्या ज्यू एजन्सीच्या खर्चाने मुंबईला परत आले होते. हे राहिले. आत्याच्या घरात आज मोरोक्को, रुमानिया आणि रायगड एका टेबलावर जेवतं आणि भातावरून भांडतं. त्यांनी ते मिळवलंय. म्हणून ती विचारते तेव्हा तिला तो अधिकार आहे, हे मी मान्य करतो. मला राग येतो तरी.

तुला एवढंच सांगायचंय की माझं उत्तर तिथे देऊ नकोस. "पप्पा म्हणतात" असं वाक्य सुरू करू नकोस. इथे मी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायची वाट बघत बसतो, ती माझी गोष्ट आहे, तुझ्या परतीचं कारण नव्हे. देशभरात आपण आता चार-पाच हजार उरलोत, त्यात एक कमी झाली तर काय, किंवा एक परत आली तर काय, हा हिशोब तुझ्या डोक्यावर टाकायला मी तुला पाठवलेलं नाही. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण. एकविसाव्या वर्षी ते चालतं. आत्या रुसली तर तिच्या हातचा शिरा आणखी एकदा वाढून घे, राग टिकत नाही तिचा.

दुसऱ्या सेदरचं तुझं तू ठरव. करावासा वाटला तर विद्यापीठातल्या रब्बींना आधी विचारून ठेव, तुझ्यासारख्या परदेशी मुलांसाठी कुठे असेल ते ते सांगतील. पण त्या रात्री दिमोनाहून निघता येणार नाही, तेव्हा आत्याच्या घरीच एका कोपऱ्यात बसून करावा लागेल. आतोबा सोबत बसतील बहुतेक. त्यांना जुन्या चालीवर म्हणायला कोणी तरी हवंच असतं. आणि नाही केलास तरी इथे कोणी तुझी हजेरी मांडणार नाही.

एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, पेल्याच्या वेळी दार उघडायला तुला सांगतील. आत्या त्या वेळी मनात काही तरी बोलते. लग्नाआधी ती अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत म्हणतात त्या खडकाशी, मलिद्याच्या नवसाला गेली होती आणि तिथे काय मागितलं ते तिने कोणालाच सांगितलेलं नाही. आता मलिदा ती तिकडे हैफाला एलियाहूच्या गुहेपाशी करते. विचारून बघ, तुला सांगेल कदाचित.

बातम्या आम्ही बघतो, त्यावर फोनवर बोलू, इथे लिहीत नाही. मम्मी म्हणते, दिमोनात रात्री थंडी पडते, स्वेटर ने. आत्याच्या सुनेसाठी काही नेऊ नकोस, तिला आपण आमसुलं पाठवली होती आणि तिने ती चहात टाकली.

सातवा दिवस संपला की त्या सुनेच्या माहेरी मिमुना असते, पेसाह संपल्याचा सण. मोरोक्कोवाले त्या रात्री घराची दारं सताड उघडी ठेवतात, ओळख असो नसो, आत या म्हणतात, आणि लोणी-मध लावून गरम मुफलेटा वाढतात, मैद्याच्या. तुला नेतीलच. इथे तेव्हा आमचा आठवा दिवस लागलेला असेल, मम्मी फोन उचलू देणार नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या पाच वाजता कर, इकडे साडेसात झालेले असतील. मुफलेटा खाल्लास की नुसती बघत बसलीस, ते सांग.

तुझा,
पप्पा